नळाला पाणी कधी सोडायचं, हे कोणी ठरवायचं?

पांझराकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

आमचं गाव धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी. दोन वर्षांपूर्वी जलजीवनची नवी टाकी झाली, घरोघर तोट्या बसल्या. काम चांगलं झालं हे आधीच सांगतो, कारण पुढे लिहितोय ते नुसती तक्रार म्हणून नाही.

पाणी सकाळी साडेनऊला सुटायचं. पाणी सोडणारा भाऊ शेजारच्या गावाहून यायचा, ग्रामपंचायतीचं कुलूप उघडलं की चावी घ्यायचा आणि व्हॉल्व फिरवायचा. ही वेळ कोणी मुद्दाम निवडली नव्हती, कार्यालयाच्या कुलपाबरोबर ती आपोआप ठरली होती. पण दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्याकडे कापूस वेचणी असते. निम्म्या गावाच्या बाया सातच्या आत भाकरी बांधून पिकअपमध्ये बसलेल्या असतात. साडेनऊला घरात एखादं म्हातारं माणूस, नाहीतर दाराला कडी. ड्रम भरून वाहायचे, गल्लीत चिखल व्हायचा, आणि अंधार पडताना त्याच बाया हंडे घेऊन जुन्या हापश्यावर रांगेत. योजनेच्या कागदावर माणशी रोज ५५ लिटर पाणी पोचत होतं. घरात पोचत नव्हतं.

महिला ग्रामसभेत एक मावशी उठल्या आणि अहिराणीतच बोलल्या, "तोटी दिन्ही, टाकी बांधी. पानी कव्हय सोडानं ते आमले कोनी इचारं का?"

सभेत कोणालाच उत्तर देता आलं नाही.

मग शाळेच्या ओट्यावर चार रात्री बसलो, जेवणं आटोपल्यावर. खडूने फरशीवर गाव काढलं. टाकी, मोठी लाईन, गल्ल्या, व्हॉल्व. ज्याने त्याने आपल्या घराच्या जागी खडा ठेवायचा आणि दोन गोष्टी सांगायच्या: घरात माणूस कधी असतं आणि तोटीला धार किती येते. दुसऱ्या रात्री चित्र स्पष्ट झालं. भिलाटीतल्या, म्हणजे भिल्ल वस्तीतल्या, तोट्यांना धारच नव्हती. भिलाटी चढावर, आणि खालच्या दोन गल्ल्यांत लोक नळाला मोटर लावतात. हे प्रत्येकाला माहीत होतं, पण सगळ्यांसमोर कधी मांडलं गेलं नव्हतं.

शेवटी असं ठरलं. वेचणीच्या महिन्यांत पहाटे साडेपाचला एक पाळी, संध्याकाळी सहाला दुसरी. पहाटे खालच्या दोन गल्ल्या बंद ठेवून आधी चाळीस मिनिटं भिलाटीला, मग बाकीच्यांना. ज्या गल्लीत मोटर दिसेल तिची पाळी दुसऱ्या दिवशी शेवटी. हा नियम मोटर लावणाऱ्यांपैकीच एकाने सुचवला. राहिला प्रश्न पहाटे येणार कोण? बाहेरगावच्या त्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, वेळ मलाही कोणी विचारली नव्हती. आता पहाटेची चावी गावातल्याच एका सुनेकडे आहे, महिन्याला थोडं मानधन. संध्याकाळी तो भाऊ.

अडलं एका ठिकाणी. खालच्या दोन गल्ल्या वेगळ्या बंद करायला एक व्हॉल्व जास्तीचा लागत होता, तो इस्टिमेटात नव्हता. लाईन बुजवून वर सिमेंटचा रस्ता झालेला. तो फोडून व्हॉल्व बसवला, वर्गणी काढून. इस्टिमेट करताना कोणी अर्धा तास भिलाटीत उभं राहिलं असतं, तर पाईप टाकतानाच ते काम होऊन गेलं असतं.

म्हणून हा धागा. सगळं तयार झाल्यावर "सूचना असल्यास कळवा" असा फलक लावतात, त्याला मी विचारणं म्हणत नाही. कागद कोरा असतानाच लोकांना सोबत बसवलं आणि पुढे चालवण्यातही त्यांचा हात राहिला, असे अनुभव आपल्या खान्देशात कोणाकोणाचे आहेत? पाणी, दवाखाना, शाळा, रेशन, कशाचेही असोत.

गिरणा पाट (चाळीसगाव)

ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तो. आमच्याकडे तेवढाही भरत नाही. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, मग पंधरा-वीस माणसांत सगळं मंजूर. तुमच्याकडे ओट्यावर माणसं आली कशी, ते आधी सांगा.

केळीबाग (रावेर)

जिभाऊ, मावशींचं वाक्य मनाला लागलं. तरी माझा विरोध नोंदवतो.

लोकांनी रात्री जागायचं, लोकांनी ठरवायचं, वर्गणी लोकांची, चावीही लोकांनीच फिरवायची. मग पाणीपट्टी कशाची? जलजीवनमध्ये गावातल्या कामाच्या १० टक्के लोकवर्गणी मुळातच धरलेली आहे, डोंगरी आणि आदिवासी गावांना ५ टक्के. त्यावर रस्ता फोडायचे पैसेही तुमचेच. चूक इस्टिमेट करणाऱ्याची आणि भुर्दंड गावाला. शहरातल्या माणसाला कोणी म्हणतं का, चार रात्री या आणि तुमचा व्हॉल्व कुठे हवा ते सांगा? त्याच्या तोटीला न विचारता पाणी येतं. सहभाग नेहमी गरिबाकडूनच का मागतात? दिवसभर वेचणी करून आलेल्या बाईला रात्री नियोजनाला बसवणं हाही तिच्यावर बोजाच आहे.

पांझराकाठ

गिरणा पाट, मुख्य कारण वेळ. ग्रामसभा सकाळी अकराला ठेवतात, आम्ही रात्री साडेआठला बसलो. दवंडी दिली नाही. प्रत्येक गल्लीतल्या दोन बायांनी घरोघर जाऊन सांगितलं. आणि विषय एकच ठेवला, पाण्याची वेळ. घरकुल नाही, गटार नाही, आधीचं कोणतंही भांडण नाही. पहिल्या रात्री तीस माणसं होती, तिसऱ्या रात्री ओटा पुरला नाही.

केळीबागदादा, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. पाणीपट्टी चालूच आहे. व्हॉल्वचा खर्च ग्रामपंचायतीने वर्गणीदारांना परत करावा असा ठराव ग्रामसभेत घेतला आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

धडगावची ताई

मी सातपुड्यात आरोग्याचं काम करते. केळीबागदादांनी विचारलंय ते मलाही वर्षानुवर्षं पडलेलं कोडं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

२००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात पाच जिल्हे घेतले होते: पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि आपलं नंदुरबार. गावकऱ्यांनी उपकेंद्राला आणि आरोग्य केंद्राला स्वतः पारखायचं. नर्सताई पाड्यावर येते का, औषध तिथेच मिळतं की बाहेरून आणायला सांगतात, बाळंतपणात कोणी पैसे मागितले का. उत्तर रंगात द्यायचं. चांगलं असेल तर हिरवा, मधलं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. ज्या पाड्यावर मराठी वाचणारी दोनच माणसं, तिथेही तो तक्ता सगळ्यांना वाचता यायचा. मग जनसुनवाई. एका बाजूला डॉक्टर आणि अधिकारी, समोर लोक.

अशाच एका सुनवाईतली आजी मला विसरता येत नाही. ती पावरी बोलीत बोलत होती आणि एक शाळकरी पोरगा मराठीत सांगत होता. तिचं कडक बोलणं तो मऊ करून सांगायला लागला, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तिचं म्हणणं असं की, सुनेला बांबूच्या झोळीत घालून चार तास डोंगर उतरवला आणि केंद्राचं दार बंद. चौकशीत निघालं की नर्सताई आतच होती, मागच्या खोलीत. पुढचा दिवा बंद असायचा आणि हाक मागे ऐकू जायची नाही. लोकांना वाटलं कोणी नाही, त्यांनी झोळी पुन्हा उचलली. त्या दाराला एक दिवा आणि एक घंटा लावण्यात आली. अशी मागणी आराखडा करणाऱ्याला सुचणारच नाही, कारण त्याने त्या पायरीवर रात्री झोळी टेकवलेली नसते.

डॉक्टरांनाही याचा आधार झाला, हे मुद्दाम सांगते. लाल रंगातलं निम्मं त्यांच्या हातात नव्हतंच. रिकामी पदं, उभी राहिलेली गाडी. हे ते एकटे वर लिहीत होते तेव्हा कोणी दखल घेत नव्हतं. भरल्या मांडवात लोकांनी विचारल्यावर घ्यावी लागली.

दादा, माझं उत्तर एवढंच आहे. त्या आजीकडून कोणी काम करून घेतलं नाही, तिच्याकडून निवाडा घेतला. बोजा आणि अधिकार यांतला फरक मी तिथे शिकले.

अजून एक. आमच्याकडे एका ग्रामपंचायतीत कितीतरी पाडे आणि मधे दऱ्या. सभा मुख्य गावात ठेवली की पलीकडच्या पाड्याची बाई वगळली गेलीच. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आणि आपल्या राज्याचे नियम २०१४ चे. त्यानुसार पाड्यालाही वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेता येतं आणि स्वतःची ग्रामसभा भरवता येते. जिथे हे झालं, तिथे बाया बोलायला लागल्या, कारण सभा त्यांच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर आली.

गिरणा पाट

ताई, दिवा आणि घंटा. वाचून थोडा वेळ थांबलो.

पाटकऱ्याचा नातू (साक्री)

पांझराकाठ, तुम्ही ज्या नदीकाठी बसून हे विचारताय, त्याच नदीवर याचं उत्तर काही शतकं वाहत होतं. माझे आजोबा फडावर पाटकरी होते.

नवीन पोरांना फड पद्धती ऐकून माहीत असते, पण तिचा कारभार माहीत नसतो. नदीत दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि भिजणारं शिवार तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कोणतं, ते शेतकऱ्यांनी बसून ठरवायचं. बहुतेकांची जमीन एकापेक्षा जास्त फडांत असायची, त्यामुळे पाऊस कमी झाला आणि एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली, तर तोटा एकाच्याच गळ्यात पडायचा नाही. पाट साफ करायलाही सगळ्यांनी यायचं.

आणि महत्त्वाचं म्हणजे शेतकऱ्याने स्वतः पाणी तोडून घ्यायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं, त्याच्यावर देखरेख हवालदाराची, राखणीला जागल्या. ही माणसं सरकारची नव्हती. फडाने नेमलेली, पिकातून त्यांचा वाटा द्यायचा. म्हणजे काम चुकलं तर फडाला थेट विचारता यायचं. भरणं चालू असेपर्यंत आजोबा कोणाच्या खळ्यावर पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. आजीने एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, एकाचं पाणी प्यायलो की दुसऱ्याला वाटेल त्याची चारी जास्त वेळ चालली.

पुढे नद्यांवर वर धरणं झाली, विहिरी झाल्या, मोटरी आल्या. ज्याची मोटर त्याचं पाणी झालं. पुष्कळ फड मोडले. २००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला आणि पाणीवापर संस्था आल्या. कायदा मी चांगलाच मानतो. पण कित्येक ठिकाणी संस्था नोंदवली आधी आणि लोक जमवले नंतर. फडात उलटं होतं, तिथे पाण्याच्या गरजेने माणसं आधी जमली होती.

केळीबागदादा, फडावर कष्ट लोकांचेच होते, पण पीक कोणतं आणि पाणी किती, हेही तेच ठरवत होते. आजच्या योजनांत कष्ट आणि वर्गणी खाली येतात आणि ठरवणं वरच राहतं. तुमचा राग त्यावर आहे, आणि तो बरोबर आहे.

धुळ्याचा विद्यार्थी

फडावरून आठवलं म्हणून लिहितो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन संशोधिकेला २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी नेपाळमधल्या सिंचनाचा अभ्यास केला होता. शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेले आणि सांभाळलेले साधे पाट, सरकारी खात्याच्या पक्क्या कालव्यांपेक्षा पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेण्यात बरेचदा सरस ठरत होते. त्याआधी सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या शहरांत पोलिसांच्या कामाचा अभ्यास केला आणि दाखवलं की रहिवाशांनी साथ दिली नाही तर पोलीस एकटे सुरक्षितता निर्माण करू शकत नाहीत. शिक्षक एकटा शिक्षण घडवू शकत नाही, शिकणाऱ्यालाही त्यात उतरावं लागतं, तसंच हे. त्यांच्या विचारात सेवा घेणारा हा तिचा अर्धा कर्ता असतो.

हे मी पुस्तकात वाचलं. पाटकरी पाणी का प्यायचा नाही, हे आज इथे वाचलं. दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहे.

शहरवासी

केळीबागदादा, शहरात न विचारता पाणी येतं हे कोणी सांगितलं? माझ्या शहराचं नाव घेत नाही, पण आमच्याकडे पाण्याचा दिवस कळायला शेजारणीच्या फोनवर अवलंबून राहावं लागतं.

कायद्यात शहरांसाठीही जागा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. राज्याने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे मतदान केंद्राच्या आवाक्यातल्या नागरिकांची सभा. माझ्या पत्त्यावर तिची नोटीस आजवर आलेली नाही. पुण्यात २००६-०७ पासून नागरिक आपल्या भागातली छोटी कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवतात. आपल्याकडच्या शहरांतही हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. निदान बाक, दिवे आणि फूटपाथ तरी, ज्यावर रोज चालणाऱ्यालाच कळतं कुठे ठेच लागते.

निवृत्त ग्रामसेवक

टेबलाच्या पलीकडची बाजूही इथे यायला हवी. मी तीस वर्षं या खात्यात काढली.

'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा करायचा तर शिवारफेरी, वंचित घटकांची बैठक, महिला सभा, मग ग्रामसभा, असा क्रम आहे. क्रम उत्तम आहे. पण माझ्याकडे तीन गावांचा कारभार होता आणि आराखडा ऑनलाईन भरायची मुदत सगळ्या गावांना एकच. एका वर्षी मी शिवारफेरी न करता मागच्या वर्षीची कामं थोडी बदलून भरली. कोणी विचारलं नाही. पुढे त्या गावात स्मशानभूमीला रस्ता मंजूर झाला. तो तिथे आधीपासून होता. पावसाळ्यात अडकणारा रस्ता दुसऱ्या वस्तीचा होता. आजही त्या वस्तीवरून जाताना मला बरं वाटत नाही.

तेव्हा अनुभवातून सांगतो. योजना मंजूर होण्याआधी स्थळपाहणी होते, तोच खरा क्षण. त्या दिवशी पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सदस्य आणि प्रत्येक वस्तीची एक बाई हजर राहील, असा ठराव आधीच घेऊन ठेवा. प्रोसिडिंगची नक्कल इंजिनिअर साहेबांच्या हातात द्या. इस्टिमेटची प्रत मागा, माहितीच्या अधिकाराची वाट न बघता. बहुतेक साहेब देतात, आणि लोक सोबत फिरले तर त्यांनाही हवंच असतं.

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं, जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्याने दाखल्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. पण तो कायदा मुदत बांधून देतो, व्हॉल्व कुठे बसवायचा हे विचारत नाही. ते विचारायला ग्रामसभाच लागते.

केळीबाग

वर्गणीच्या मुद्द्यावर मी कायम आहे. चूक ज्याची, खर्च त्याचा.

पण ताईंच्या आजीने मला विचारात पाडलं. आमच्या सौ. शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या महिला, म्हणून नाव घेतलं. दोन वर्षं रजिस्टर घरी येतं, सही होते, रजिस्टर परत जातं. काल मी त्यांना विचारलं, शाळेत एक गोष्ट बदलायची असेल तर कोणती? क्षणात म्हणाल्या, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, दोन मुली बाहेर राखण उभ्या राहतात. दोन वर्षं हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. या वेळी रजिस्टर घरी आलं तर सही करणार नाहीत, बैठकीला जाणार आहेत.

धडगावची ताई

दादा, वहिनींना नमस्कार सांगा.

पांझराकाठदादा, एक विचारू? पहाटे साडेपाचला व्हॉल्व फिरवणारी ती सून. कोणत्या गल्लीला पाणी कमी पडतं, मोटर कुठे लागते, लाईन कुठे गळते, हे आता गावात तिच्याइतकं कोणाला माहीत नसेल. पाणीपुरवठा समितीत ती आहे का?

पांझराकाठ

नाही, ताई.

तुमचा प्रश्न वाचल्यावर आज पहाटे मुद्दाम तिच्यासोबत टाकीपर्यंत गेलो. तिच्याकडे एक वही आहे. तारीख, व्हॉल्व उघडला ती वेळ, बंद केला ती वेळ, आणि पुढे शेरा. 'भिलाटी शेवटचं घर, पाव हंडा.' 'देवळाजवळ गळती, चिंधी बांधली.' चार महिन्यांची नोंद आहे. ती वही आजवर कोणी मागितली नव्हती, मीही नाही. ओट्यावर सगळ्यांना विचारलं असं मी वर मोठ्या समाधानाने लिहिलं, आणि चावी हातात दिल्यावर तिला विचारायचं आमच्याही डोक्यात आलं नाही.

मी म्हटलं, समितीत नाव घालू का? ती म्हणाली, "नाव घाला, पन बैठक दुपारी नका ठेवू, मी वेचाले जास."

समितीत निम्म्या महिला हव्यात. आमच्याकडे कागदावर आहेत, त्यातल्या एक ताई वर्षभरापासून सुरतला राहतात. त्यांच्या जागी हिचं नाव घेणे, बैठक रात्री साडेआठला ठेवणे आणि प्रत्येक बैठकीत आधी वहीचं वाचन करणे, हे तीन विषय येत्या ग्रामसभेच्या नोटिशीत घ्यावेत असा अर्ज दुपारी ग्रामपंचायतीत दिला. पोच घेतली आहे.